चार फूट चार इंच

सकाळी ५.४५

रायपुरात मे महिन्यात अवजड काम करायचं ते दुपारच्या आत. नंतर हाताला घाम सुटतो, आणि ३८ किलोचा स्पीकर घामट हातांनी सरकवला की त्याच्या चकचकीत लाकडावर ओरखडा आलाच म्हणून समजा. त्यामुळे पिशवी रात्रीच भरून ठेवतो. लेसरचा मोजटेप, साधा टेप, ओळंबा, पाणसळ, मास्किंग टेप, हातभर लांबीचा आरसा, जुनी सुती चादर, मोजणीचा माइक, लॅपटॉप आणि गाण्यांचा पेन ड्राइव्ह. यातली सर्वात कामाची वस्तू म्हणजे चादर. तिचं कारण दहा वाजता येईल.

लोकांना वाटतं, हा माणूस तारा जोडायला येतो. तारा जोडायला अर्धा तास पुरतो. उरलेला दिवस खोलीचा असतो.

सकाळी ६.३०

तात्यापाऱ्यातून निघालो की शंकरनगरला पोचायला या वेळी फार वेळ लागत नाही. हाच रस्ता अकरा वाजता नको वाटतो. मागे बसलेला माझा मदतनीस धरसीवाकडचा. त्याच्या गावाकडे सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ रोज गच्चीवर बसते, म्हणून कुठल्याही घरात शिरला की पहिल्यांदा खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून पाहतो. सवय चांगली आहे. स्पीकरच्या पडद्यावर बसलेल्या धुळीत लोखंडाचा अंश असला तर ती आतल्या चुंबकाकडे ओढली जाते, फडक्याने निघत नाही. जाळी काढून ऐकायची हौस इथे बेताने करावी.

सकाळी ७.००

घर भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेल्या एका काकांचं. रेल मिलमध्ये हयात गेली, आता रायपुरात बंगला, मुलगा बंगळुरूला, आणि चाळीस वर्षं मनात धरून ठेवलेली एकच हौस आत्ता कुठे पुरी होते आहे. स्पीकर महिन्यापूर्वी आले. उभे, प्रत्येकात साडेसहा इंचांचे दोन वूफर, हवेचं भोक पाठीमागे. किंमत काकूंना अजून नीट सांगितलेली नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

काकांची तक्रार फोनवर ऐकली होती, आता प्रत्यक्ष ऐकली. "भाऊ, तबला लागला की डग्गा सारा एकच बोलून राहिला. घे नाही, मींड नाही, नुसतं घुम्म. इतके पैसे टाकले न!"

खोली १८ फूट लांब, १३ फूट रुंद, १० फूट उंच. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. टीव्हीच्या कपाटाला दोन्ही बाजूंनी स्पीकर चिकटवलेले, पाठ भिंतीपासून वीतभर. समोरच्या भिंतीला टेकून सोफा. रायपुरातल्या शंभरातल्या नव्वद बैठकी अशाच असतात. सगळं भिंतीला लावायचं, मध्ये मोकळं ठेवायचं, म्हणजे पाहुण्यांना खोली मोठी दिसते.

या व्यवसायातलं बहुतेक पुस्तकी शहाणपण अमेरिकेतून आलेलं आहे आणि तिथलं घर लाकडी सांगाड्याचं, वर प्लास्टरबोर्ड, खाली गालिचा. तिथली भिंत खर्जाला थोडी लवते, थोडा आवाज पिते, थोडा पलीकडे सोडते. आपली वीट आणि स्लॅब काही सोडत नाहीत. खर्ज खोलीत येतो तो तिथेच कोंडून राहतो. त्यामुळे तिकडे जो स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर सुरेख वाजतो, तो इकडे तेवढ्याच अंतरावर गुरगुरतो. आपल्याकडे स्पीकर पुढे यायलाच हवा, आणि माणूस मागच्या भिंतीपासून सुटायलाच हवा. आजच्या दिवसाचं सगळं भांडण याच दोन गोष्टींवर होणार, हे सात वाजताच दिसत होतं.

सकाळी ७.४०

पंखा बंद, एसी बंद, कूलर तर आधी बंद. पंख्याच्या पात्यांवर आवाज आपटून थरथरतो, कूलरमध्ये तर काहीच मोजता येत नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी. टाळीमागून चिमणीच्या चिवचिवाटासारखी एक शेपटी ऐकू आली. दोन उघड्या समांतर भिंतींमधली ही धावपळ. डाव्या हाताला मोठी खिडकी आणि तिला कोसा रेशमाचा पडदा. चांप्याचा कोसा, दिसायला देखणा, आवाज पिण्याच्या दृष्टीने असून नसल्यासारखा. उजव्या हाताला कोरी भिंत.

मग काकांना कामाला लावलं. स्पीकरमागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि पाढे म्हणत हळूहळू पुढे चाला. विल्सन ऑडिओ नावाची अमेरिकन कंपनी स्पीकर मांडताना आवाजाची हीच युक्ती वापरते. पाढ्यांची भर माझी. काका भिलाईच्या शिस्तीत एकोणतीसचा पाढा म्हणत निघाले. भिंतीजवळ आवाज जाडाभरडा, छातीतून आल्यासारखा. साडेतीन फुटांवर तो मोकळा व्हायला लागला, साडेचारच्या आसपास सगळ्यात साफ, आणि पाच फुटांपुढे खोलीच त्याला परत उत्तर देऊ लागली. मी जमिनीवर टेपचे दोन तुकडे चिकटवले. मोजणीयंत्र अजून पिशवीतच होतं.

"एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट," काका थांबले. "पुढे जाऊ का?"

नको म्हटलं. चहा आला होता.

सकाळी ८.३०

मोजणी. सोफ्यावर कानाच्या उंचीला माइक, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड, हे फुकट मिळणारं आणि फुकट असूनही उत्तम असलेलं सॉफ्टवेअर. २०पासून २०० हर्ट्झपर्यंत एक सूर चढत नेला. घरातल्या काचा कुठे कुठे आहेत हे त्या सुराने सर्वांना कळवलं.

आलेख काय सांगेल हे आधी कागदावर मांडता येतं, आणि ते मांडल्याशिवाय मी आलेख पाहत नाही. ध्वनीचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, वेगाला त्याने भागा. १८ फुटांना साडेएकतीस हर्ट्झ. त्याची दुप्पट ६३, तिप्पट जवळजवळ ९५. रुंदीचे ४४ आणि ८७. उंचीचा ५७. या स्वरांवर खोली स्वतःच गाऊ लागते, स्पीकर कितीही महाग असो. आणि हे सगळे स्वर भिंतीपाशी सर्वात जोरात असतात. स्पीकर एका भिंतीला, माणूस दुसऱ्या भिंतीला, म्हणजे लांबीचे तिन्ही स्वर पूर्ण ताकदीने.

आलेखात ६३वर सुळका होता, आजूबाजूच्या पातळीपेक्षा बारा डेसिबलने वर. काकांना दाखवला. त्यांना अधिक सांगावं लागलं नाही. "हे तर मिलमधल्या पायासारखं आहे," ते म्हणाले, "मशीन अन् फाउंडेशन एकाच फ्रिक्वेन्सीला आलं की बोल्ट तुटते." डग्ग्याचे सारे चढउतार त्या सुळक्याखाली गाडले गेले होते.

सकाळी १०.००

आता चादर. स्पीकर किंचित कलता करायचा, मदतनिसाने खाली चादर सरकवायची, मग टाइलवरून तो बोटाच्या जोराने हलतो, इंच इंच, पाव इंच पाव इंच. खिळ्यांचे पाय या टप्प्यावर लावायचेच नाहीत. जे आधी लावतात ते मग सरकवायचा कंटाळा करतात आणि कंटाळ्याने जागा ठरते.

जागा शोधायला मी भिंतीच्या चौथाईपासून सुरुवात करतो. प्रत्येक दुप्पट स्वराचा मुका बिंदू भिंतीपासून चौथाई अंतरावर असतो. तिथे वूफर ठेवला तर तो स्वर त्याच्याकडून पेटत नाही. १८ फुटांची चौथाई साडेचार फूट, म्हणजे ६३चा सुळका बसणार. १३ फुटांची चौथाई सव्वातीन फूट, म्हणजे ८७ही गप्प. रुंदीचा पहिला, ४४चा, आणखी सोप्या रीतीने सुटतो: दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर असले आणि खर्ज दोघांतून सारखाच येत असला, तर दोघं मिळून तो आपोआप काटतात. ऐकणाराही त्याच मधल्या रेषेवर बसलेला असतो, जिथे तो स्वर मुळातच मुका. दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा हट्ट डोळ्यांच्या सोयीसाठी नसतो तो असा.

जॉर्ज कार्डास यांचं सुवर्णगुणोत्तराचं कोष्टकही प्रसिद्ध आहे: मागच्या भिंतीपासून रुंदीच्या ०.४४७ पट, बाजूच्या भिंतीपासून ०.२७६ पट. या खोलीत ते पाच फूट दहा इंच आणि तीन फूट सात इंच होतात. करून पाहिलं. छान वाजलं, पण देवघराचं दार स्पीकरवर आपटलं. काकू दारात उभ्याच होत्या. "अहो, उद्या मी नैवेद्याचं ताट घेऊन यायचं कुठून?" कार्डास बाद.

मागे घेत घेत दार पूर्ण उघडेल तिथे आलो: स्पीकरचा दर्शनी चेहरा मागच्या भिंतीपासून चार फूट चार इंच. बाजूच्या भिंतीपासून वूफरच्या मध्यापर्यंत तीन फूट दोन इंच. दोघांमध्ये सहा फूट आठ इंच. काकांनी पाढे म्हणताना जिथे आवाज सगळ्यात साफ झाला होता तिथून हे अंतर दोन इंचांवर होतं, आणि चौथाईच्या हिशेबालाही धरून होतं. अशा वेळी कानाचा आणि कागदाचा मेळ बसला की माझा त्या दिवसाचा निम्मा पगार तिथेच वसूल होतो.

सोफा राहिला. तो हलवायचा म्हणताच घरात शांतता. त्याच्या मागच्या भिंतीपासून साडेपाच फूट पुढे, म्हणजे खोलीच्या जवळपास एक-तृतीयांश आत. काकू म्हणाल्या, "सोफा असा मधात? लोक काय म्हणतील, पाहुणे आले की मागून चक्कर मारायची का?" यावर माझ्याकडे ध्वनिशास्त्रातलं उत्तर नाही. तोडगा असा निघाला की मोठा सोफा भिंतीलाच राहील, आणि काकांची जुनी वेताची आरामखुर्ची पुढे येईल. तिची पाठ बुटकी, कानामागे काही आड येत नाही. ऐकायला सोफ्यापेक्षा सरस. काका त्यात बसले आणि उठेनात.

पुन्हा मोजणी. ६३चा सुळका बारावरून चारवर. ९५पाशी मात्र एक उंचवटा राहिला, कारण खुर्ची त्याच्या शिखरावर होती. स्पीकर आणखी हलवून तो जात नव्हता. त्याचा इलाज दुपारी.

दुपारी १.००

जेवण. मदतनिसाने डबा उघडला, बोरे-बासी म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात, वर कांदा, बाजूला आंब्याची चटणी. उन्हाळ्यात छत्तीसगडी माणूस दुसरं काही मागत नाही आणि बरोबरच करतो. काकूंनी आग्रहाने वरण-भात वाढला तो मी खाल्ला, डोळा मात्र त्याच्या बासीवर. बाहेर पारा ४४च्या पुढे असावा. खोलीत एसी लावला. ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, चाळीस अंशांच्या बंद खोलीत मोजलं तर खोलीचे सगळे स्वर अडीच टक्क्यांनी वर सरकलेले दिसतात. माणूस ज्या गारव्यात ऐकणार त्याच गारव्यात मोजावं.

दुपारी २.३०

आरसा. काका खुर्चीत, मदतनीस बाजूच्या भिंतीला आरसा लावून सरकवतोय, आणि काकांना आरशात स्पीकर दिसला की त्यांनी ओरडायचं. जिथे स्पीकर दिसतो तिथूनच आवाज आपटून कानात येतो. "थोकिन अउ?" मदतनीस विचारतो. "थोडा और," काका. मग एकदम "बस!" तिथे टेप.

या जागेवरून येणारा प्रतिध्वनी सरळ आवाजाच्या साडेतीन मिलिसेकंद मागे असतो. तो वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळतो आणि गायकाला जरा फुगवतो. इथे सर्रास फोम चिकटवायची टूम आली आहे, ती मला पटत नाही. कॅनडात वर्षानुवर्षं ऐकण्याचे प्रयोग केलेल्या फ्लॉइड टूल यांचं म्हणणं असं की बाजूच्या भिंतींचे प्रतिध्वनी पुष्कळ लोकांना आवडतात, त्याने आवाजाला प्रशस्तपणा येतो. अट एकच, दोन्ही बाजूंनी सारखेच हवेत. या खोलीत डावीकडे काच, उजवीकडे वीट. दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीची गरज होती, आणि ती काकांच्या झोपण्याच्या खोलीत होती: पुस्तकांची दोन कपाटं. एकात मराठी विश्वकोशाचे खंड, दुसऱ्यात तीस वर्षांचे दिवाळी अंक. मागेपुढे रचलेल्या जाड-बारीक पुस्तकांनी आवाज पसरतो, आणि अंकांचे ढीग थोडा पितातही. एक कपाट उजवीकडे, एक खिडकीपुढे अर्धं. पडद्यामागे जाड सुती अस्तर, खुर्चीपुढे दुहेरी सतरंजी.

वॉलेस सबाइन यांनी १८९५च्या सुमारास हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचं कोडं असंच सोडवलं. रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणायच्या, मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या. आजही जगभर वापरतात ते सूत्र त्या उशांतून निघालं. गाद्या-उशांना कमी लेखणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

९५च्या उंचवट्याला मात्र पुस्तकं पुरत नाहीत. त्याला जाडी हवी. इथे रायपूरचा फायदा होतो. भट्ट्यांच्या या शहरात रॉकवूलचे पाट मिळायला अडचण नाही, बॉयलर आणि भट्टीच्या उष्णतारोधनासाठी ते लागतातच. चार इंची पाट, घनमीटरला ४८ किलोचे, खादीच्या कापडात शिवून मागच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत, मागे वीतभर पोकळी सोडून. परदेशातून मागवलेल्या तयार पट्ट्यांच्या किमतीत असे कितीतरी होतात. उंचवटा सातवरून तीनवर आला. ५७चा, छत आणि जमिनीमधला, थोडा राहिला. राहू दिला. घराची उंची कोणी बदलून देत नाही.

संध्याकाळी ४.४५

आता मधला गायक. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१मध्ये स्टीरिओचं पेटंट मागितलं तेव्हापासून गंमत तीच: दोन स्पीकर, आणि जिथे काहीच नाही तिथून गाणारा माणूस. तो बरोबर मध्ये उभा आहे का, हे तपासायला मी स्टीरिओ लावत नाही. बालगंधर्वांची ७८ आरपीएमची तबकडी लावतो. मोनो. दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच आवाज, म्हणजे गंधर्व दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये, एका नारळाएवढ्या जागेतून आले पाहिजेत. ते डावीकडे सरकले तर दोष गाण्याचा नाही.

ते बोटभर डावीकडे होते. लेसरने मोजलं, डावा स्पीकर कानाला एक सेंटिमीटर जवळ. एका सेंटिमीटरला आवाज २९ मायक्रोसेकंद घेतो, आणि मेंदूला दहा मायक्रोसेकंदांचा फरकही जाणवू शकतो. डावा मागे ढकलला. दोन्ही आता आठ फूट दहा इंच. गंधर्व मधोमध.

मग स्पीकरांची तोंडं. सरळ ठेवली तर खोली रुंद वाटते आणि गायक विरळ. थेट कानाकडे वळवली तर गायक ठसठशीत आणि तानपुरा टोचरा. मी गायिका किशोरीताईंचं एक विलंबित लावून तानपुऱ्याकडे लक्ष देतो. तारांचा झंकार वरच्या टोकाला काचेसारखा व्हायला लागला की अंशभर बाहेर. शेवटी दोन्ही स्पीकरांचे अक्ष काकांच्या डोक्यामागे हातभर अंतरावर एकमेकांना छेदतील असे ठेवले. तबल्याच्या दायाँची 'ना' पाहिली, तीही टोकदार पण बोचरी नाही. दायाँवरची शाई उपस्वरांना सुरात आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये दाखवलं. वरचे उपस्वर बिघडवणारा स्पीकर तबल्यावर लगेच पकडला जातो, पियानोवर कधीकधी निसटतो. म्हणून परदेशी चाचणीच्या सीडी मी बाळगत नाही.

संध्याकाळी ६.३०

धुमाल. लग्नसराई आहे, वरात बंगल्याच्या कोपऱ्यावर थांबली. ढोल, ताशा, झांजा, हातगाडीवर कॅसिओ आणि वर भोंगे. लॅपटॉपवर खोलीतली शांत पातळी ३४ डेसिबल होती ती खिडक्या बंद असून ६०च्या पुढे. मदतनीस दारात जाऊन नाचायलाच लागला. काम बंद. काकूंनी भजी तळली.

रात्री ८.४५

रस्ता निवला, वीजही स्थिर झाली. आता खिळे. स्पीकरखाली चार खिळे, टाइल फुटू नये म्हणून त्यांच्याखाली पितळी चकत्या, आणि पाणसळ चारही बाजूंनी. खिळे लावताना स्पीकर पाव इंच हलतोच, म्हणून पुन्हा लेसर, पुन्हा गंधर्व.

काकांनी स्वतःचं गाणं लावलं. पूर्वी महाराष्ट्र मंडळात कुणाची तरी मैफल ऐकली होती, तसा तबला त्यांना हवा होता. विलंबित एकताल सुरू झाला. डग्ग्यावर मनगट घासत वर चढलं, उतरलं, थांबलं. मागच्या महिन्याभरात त्या घरात न ऐकलेली घे. मदतनीस भिंतीला टेकून उभा होता. "अब बने लागत हे," तो म्हणाला. काका काही बोलले नाहीत, आवाज दोन खुणा कमी केला. मला हे आवडतं. खर्ज साफ झाला की माणसं आपोआप हळू ऐकू लागतात; पूर्वी ते आवाज वाढवत होते तो डग्गा शोधण्यासाठी.

रात्री ९.३०

टेपच्या खुणा जमिनीवर तशाच ठेवल्या. सगळी मापं लिहून कागद पुस्तकांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, कारण काम करणारी मावशी पोछा मारताना स्पीकर सरकवणार हे ठरलेलं.

पैसे घेऊन उठलो तोच काकूंनी गाठलं. "बाकी सारं ठीक आहे भाऊ. पण त्या उजव्या कोपऱ्यात आमचा गणपती बसतो. मखर पाच फुटांचं. दहा दिवस. तेव्हा काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप काढून कोपरा मोजला. मखर पाच फूट, स्पीकर भिंतीपासून चार फूट चारवर. बसत नाही.

"स्पीकर दोन दिवस आधी काढून झोपायच्या खोलीत ठेवायचे," मी म्हणालो, "अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी येतो, खुणांवर परत लावून देतो."

"त्याचे वेगळे पैसे?"

"निम्मे."

"अन् प्रसाद," काकू म्हणाल्या, आणि मदतनिसाच्या हातात भज्यांची पिशवी दिली.